चंपाबाईच्या नडगीतलं नवं हाड

पुंडलिकनगरात पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत जाऊन चंपाबाई हिवराळेचं घर विचारलं, तर कोपऱ्यावरचा किराणावाला हातातलं वजन खाली न ठेवताच विचारील, "कोण, त्या प्रश्नवाल्या?" आणि हसून समोरचा निळा जिना दाखवील.

नाव कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. बाईचा स्वभावच तसा. भरल्या गॅसच्या टाकीवर मारलं तर ठक्क वाजतं आणि रिकाम्या टाकीवर टण्ण, ते काऊन, हे तिनं टाकी आणणाऱ्याला विचारलेलं. त्यानं "घाई आहे मावशी" म्हणून काढता पाय घेतला, तर पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा हिचा प्रश्न दारातच उभा.

तिचं लहानपण अजिंठ्याजवळच्या एका वस्तीवर गेलं. वडील रस्त्याच्या कामावर, आई दुसऱ्याच्या रानात. परसात मक्याचे दाणे लावले की दुसऱ्या दिवशी ही उकरून बघणार, मोड आला का. परत पुरणार, परत उकरणार. आई वैतागून म्हणायची, "अगं, त्याला जरा उगू तर दे!" सातवीपर्यंत शाळा झाली. लग्न होऊन शहरात आली, मेघा झाली, आणि मेघा शाळेत जायला लागल्यावर चंपाबाई चितेगावच्या एका कारखान्यात पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करायला लागली. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची. इतर बायका गुंडाळत आणि घरी जात. चंपाबाईनं सुपरवायझरला गाठलं. "साहेब, तार तर नुस्ती गुंडाळली. मंग मोटार फिरती कशानं?" तो बिचारा एक दिवस खिशातून चुंबक घेऊन आला आणि जेवणाच्या सुट्टीत तिला दाखवून गेला. त्या संध्याकाळी चंपाबाईनं घरी येऊन आधी चुंबकाची गोष्ट सांगितली, मग हातपाय धुतले.

ऐकणारे साहेबराव, तिचा नवरा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. बोलायला कमी, हाताला पक्के. गाडीखाली पडून नुसत्या बोटांनी चाचपून कुठला नट ढिला आहे ते सांगायचे. पुढं ते रिटायर झाले, मेघा लग्न होऊन जालन्याला गेली, आणि घरात चंपाबाईचे प्रश्न ऐकायला तेवढेच उरले. ते "हूं" म्हणायचे. त्यांच्या "हूं"चे चार-पाच प्रकार होते आणि चंपाबाईला ते सगळे कळायचे.

दोन-तीन वर्षांपूर्वी, सकाळच्या पाळीला जाताना कारखान्यातल्या बायकांची रिक्षा पैठण रोडवर उलटली. कुत्रं आडवं आलं, एवढंच निमित्त. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. चंपाबाईचा उजवा पाय रिक्षाच्या दांड्याखाली सापडला. नडगीचं हाड मोडून कातडी फाडून बाहेर आलं आणि रस्त्याकडेची माती त्यात गेली.

ती शुद्धीवर होती. सोबतच्या बायकांनी तोंडं फिरवली, एकीला तर भोवळ आली. चंपाबाई मात्र दोन्ही हातांनी मांडी आवळून धरून बघत होती. आजवर तिनं हाड पाहिलं ते ताटातलं, पांढरं, कोरडं. हे तसं नव्हतं. हे पिवळसर गुलाबी होतं, ओलं होतं, आणि त्याच्यावर रक्ताचे बारीक ठिपके आपोआप उमटत होते. कळ मस्तकात जात होती तरी तिच्या मनात आलं, अगं बाई, हे तर जित्तं हाय!

ऑपरेशन झालं. पण माती आत गेलेली, जखम चिघळली. औषधं झाली, पुन्हा साफसफाई झाली, तरी पू थांबेना. शेवटी हाडांचे डॉक्टर सुदर्शन बनकर तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. तिशी-पस्तिशीचा माणूस, घाईत असला तरी घाई न दाखवणारा.

"चंपाबाई, मधल्या तुकड्याला रक्त पोचत नाही. तो मेलाय. काढावा लागेल."

"काढा. पन मंग तिथं काय टाकनार, साहेब? लोखंड?"

"काहीच टाकायचं नाही. तुमचंच हाड तिथं वाढवायचं."

चंपाबाई उशीवरून अर्धी उठली. साहेबरावांनी तिला खांद्याला धरून परत टेकवलं.

डॉक्टरांनी आपल्याच नडगीवर बोट ठेवून समजावलं. गुडघ्याखाली जिथं हाड चांगलं आहे, तिथं एक काप द्यायचा. पायाभोवती स्टीलची कडी बसवायची, हाडातून आरपार तारा घालून कड्यांना बांधायच्या. मग नट फिरवून कापलेला तुकडा रोज केसभर खाली सरकवायचा, खालच्या मोकळ्या जागेकडे. तुकडा खाली सरकला की त्याच्या मागं वर फट पडते. त्या फटीत नवं हाड धरतं.

"आपोआप?" चंपाबाईनं विचारलं.

"आपोआप. फक्त सावकाश."

कडी बसवलेला पाय घेऊन चंपाबाई घरी आली तेव्हा गल्लीतली पोरंसोरं, बायाबापड्या सगळे बघून गेले. पाय कसला, लोखंडी पिंजराच तो. तारा जिथं कातडीतून आत जात तिथं रोज औषधाच्या पाण्यानं पुसावं लागे. नट फिरवायचं काम साहेबरावांनी स्वतःकडं घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसभरात मिळून एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत चार वेळा थोडा थोडा. साहेबराव हात साबणानं धुवायचे, चष्मा चढवायचे, पाना पुसून घ्यायचे आणि "हलू नको" एवढंच म्हणायचे. वर्कशॉप सुटल्यापासून त्यांच्या हाताला असं काम लागलं नव्हतं.

पण पाय ठणकायचा. पहिल्या दिवसांत सोसवेल इतका, मग दिवसेंदिवस जास्तच. चंपाबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. प्रश्नसुद्धा विचारीना. शेजारीण भाकरी-वरण घेऊन आली तर "ठेव" म्हणायची आणि गप्प. तिचं ते गप्प होणं साहेबरावांना सोसेना.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. वरचं हाड पांढरं, सरकलेला तुकडा पांढरा, आणि दोघांच्या मध्ये काळं कुळकुळीत. काहीच नाही.

"नवं हाड दिसत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी पट्टी लावून फट मोजली. पुन्हा मोजली. "आणि फट जेवढी पाहिजे त्याच्यापेक्षा मोठी आहे. नट तुम्हीच फिरवता ना, काका?"

साहेबराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. साहेबापुढं उभं राहायची जुनी सवय.

"म्या फिरवतो, साहेब. आनि जास्ती फिरवतो. रोज थोडं जास्ती."

"काऊन?" हे चंपाबाईनं विचारलं. डॉक्टरांच्या आधी.

"तुला सोसवत नव्हतं. कन्हत व्हतीस. म्हनलं, लवकर खाली जाईल तुकडा, लवकर निघंल हा पिंजरा." त्यांनी दोन्ही हातांची बोटं उलगडून बघितली. "मोटारीचं काम केलं जल्मभर. वाटलं, नट हाय, जरा जास्ती फिरवला तर काम लवकर उरकंल."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी साहेबरावांना खाली बसवलं, पाणी दिलं. "काका, घाई केली की ठणका वाढतो, तो त्यामुळंच. काठ दूर जातात तसं मध्ये आधी एक नाजूक जाळं तयार होतं. त्या जाळ्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या शिरतात, आणि त्यांच्या कडेकडेनं हाड बनवणाऱ्या पेशी आत येतात. काठ फार भराभर पळाले तर जाळं तुटतं. मग येणाऱ्यांना वाटच राहत नाही."

चंपाबाई आता ताठ बसली होती.

"येतात म्हंजी? चालत?"

"चालत म्हणा, सरपटत म्हणा. जागेवरून निघून पोचतात खरं."

"निघतात कुठून?"

"हाडावर एक पातळ साल असते, तिथून. हाडाच्या आतल्या मगजातून."

"आनि त्यास्नी सांगतं कोन, का बाबा इथं हाड मोडलंय, इकडं या म्हनून?"

बाहेर पेशंटची रांग दारापर्यंत आली होती. डॉक्टरांनी दाराकडं पाहिलं, मग चंपाबाईकडं, आणि हसले. "मी आपला हाडं बसवणारा माणूस. त्या पेशी चालताना मी स्वतः कधी पाहिल्या नाहीत. पण माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांचं कामच ते. जाल का त्यांच्याकडं?"

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. काही दिवस नटाला हातच लावायचा नाही. मग थोडं उलटं फिरवून काठ जवळ आणायचे, आणि पुन्हा धीमं सुरू करायचं.

घरी आल्यावर साहेबरावांनी पाना फडक्यात गुंडाळून तिच्यापुढं ठेवला.

"मेघाला बोलावून घे. तिच्या हातानं फिरव. माझा भरोसा नाय राहिला."

चंपाबाईनं पाना उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवला. "मेघाला काय कळतं नटातलं? तुमीच फिरवा. पन येक सांगते. पाय माझा हाय. त्याच्यात काय चालू राहिलं ते मला सांगून करा."

साहेबराव "हूं" म्हणाले. हा "हूं" चंपाबाईनं आधी ऐकलेला नव्हता.

डॉक्टरांच्या ओळखीच्या त्या बाई म्हणजे डॉ. निशा पठाडे, आणि त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. त्यात भिंतीभर काचेच्या टाक्या, टाक्यांत पाण्याची संथ गुळगुळ, आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढे मासे. अंगावर निळसर पट्टे. वॉकरवर भार देत, पिंजऱ्यासकट पाय उचलत चंपाबाई आत आली आणि टाकीपाशी थांबली.

"जय भीम, मॅडम. हाडाच्या पेशी बघाया आले, आनि तुमच्याकडं तर मासळी हाय."

"जय भीम, मावशी. बसा आधी." निशा मॅडमनी खुर्ची दिली, पाय ठेवायला दुसरी दिली. "तुमच्या पायात खिडकी करून बघता येत नाही ना. या माशाचं अंग पातळ असतं, आरपार दिसतं. म्हणून हे."

"असलेच मासे आमच्याकडं व्हते. वाघूर नदीत. आईच्या पदरानं धरायचो. धरले का परत सोडायचो, खायाला काय व्हनार एवढुश्यानं?"

मग मॅडमनी सांगितलं. माशाच्या शेपटीच्या पात्यात हाडाच्या बारीक काड्या असतात. पात्याचं टोक कापलं तर ते परत वाढतं, काड्यांसकट. या माशांच्या हाड बनवणाऱ्या पेशी हिरव्या चमकाव्यात अशी सोय केलेली आहे.

"कापताना दुखत नाय का त्याला?"

"पाण्यात गुंगीचं औषध घालतो. तुम्हाला दिलं तसं."

चंपाबाईचं समाधान झालं. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता अंधार, आपल्याच पापण्या. मग मॅडमनी एक चाक फिरवलं आणि अंधारात हिरव्या ठिपक्यांची रांग उजळली. काडीच्या अंगाला चिकटून बसलेले, गोलसर, गप्प ठिपके.

"ही न कापलेली शेपूट. आता ही बघा, कापलेली."

इथले ठिपके गोल नव्हते. ते लांबोळके झाले होते, ओढल्यासारखे, आणि सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. कापलेल्या जागेकडं.

"पन ह्या तर हालंना," चंपाबाई म्हणाली.

"हलतात. पण इतक्या हळू, की आपला डोळा थकतो." मॅडमनी संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला. थोड्या थोड्या वेळानं काढत गेलेले फोटो एकापाठोपाठ एक लावले होते. पडद्यावर त्या हिरव्या पेशी जाग्या झाल्या. आधी एकीनं टोक पुढं काढलं, चाचपलं, मागून उरलेलं अंग ओढून घेतलं. मग दुसरीनं. बघता बघता सगळी रांग काडीच्या अंगावरून पुढं सरकायला लागली. काही अडखळल्या, एक उलटी फिरली आणि परत वळली. कापलेल्या टोकाशी त्यांची दाटी झाली.

चंपाबाईनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिचा एक हात नकळत पिंजऱ्याच्या कड्यावर गेला होता.

"माझ्या पायात पन अस्संच?"

"थोडं वेगळं. या माशात कामावर असलेल्या पेशीच हातातलं काम खाली ठेवून निघतात. माणसात बहुतेक नवख्या निघतात, ज्यांनी अजून हाड बनवलेलंच नाही. रक्तवाहिन्यांच्या सोबतीनं येतात, आणि पोचल्यावर काम शिकतात."

"आनि सांगतं कोन त्यास्नी? डॉक्टरसाहेबाला पन इचारलं म्या."

"काही खुणा सापडल्यात. जखमेतून रस सुटतात, त्यांच्या वासावर निघाव्यात तशा त्या निघतात. पण सगळ्यात पहिली जी निघते, ती नेमकी कशावरून निघते, हे अजून पक्कं कुणालाच माहीत नाही, मावशी. मलाही नाही. तेच तर शोधतेय."

चंपाबाईनं साहेबरावांकडं मान वळवली. "ऐकलं का? प्रश्न इचारायची नोकरी असती!"

साहेबराव दाराजवळ उभे होते, हात मागं बांधून. मॅडमनी त्यांनाही बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला, वाकून डोळा लावला. मोटारीखाली वाकायचे तसेच, एक गुडघा टेकवून. बराच वेळ बघून झाल्यावर, लग्नाला इतकी वर्षं झाली त्यात चंपाबाईनं पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून असला प्रश्न ऐकला.

"मॅडम, यांच्यातली एखादी वाटंतच दमली तर?"

"काही मरतात, काका. आणि ज्या पोचतात, त्यांच्यातल्या काही स्वतः बनवलेल्या हाडातच बंद होतात. चहूबाजूंनी हाड."

"म्हंजी गेल्याच."

"नाही. जिवंत राहतात. कित्येक वर्षं. हाडातल्या बारीक भोकांतून धाग्यासारखे हात काढतात आणि शेजारणीला धरून राहतात. हाडावर भार कुठं पडतोय, कुठं जास्त हाड पाहिजे, हे त्याच कळवतात."

साहेबराव उठले आणि चष्मा चढवला. गुडघ्याची धूळ झटकायची राहूनच गेली.

त्यानंतर नट फिरवताना साहेबराव बोलायला लागले. फार नाही. "आता फिरवतो." "झालं." कधी कधी, "पोचल्या असतील का गं?" चंपाबाई म्हणायची, "उकरून बघता येत नाय ना, नायतर बघितलं असतं." ठणका उतरला. शेजारणीला पुन्हा प्रश्न सुरू झाले, आणि तिनं जिन्यावरूनच ओरडून सांगितलं, "आली हो चंपाबाई जाग्यावर!"

पुढच्या एक्स-रेत काळ्या फटीत काहीतरी होतं. पांढरं म्हणावं असं नाही. हिवाळ्यात सकाळी शेताच्या बांधावर धुकं बसतं, तेवढंच. डॉक्टरांनी पेनानं दाखवलं. "हे बघा." साहेबरावांना आधी दिसेना. दिसलं तेव्हा ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि रुमालानं नाक पुसत राहिले. त्याच्या पुढच्या खेपेला त्या धुक्यात उभ्या रेघा पडल्या होत्या, वरून खाली, खालून वर. मग त्या दाट झाल्या. खाली सरकलेला तुकडा खालच्या हाडाला जाऊन भिडला, जुळला. पिंजरा मात्र बरेच महिने राहिला. नवं हाड कच्चं असतं, त्याला पक्कं व्हायला वेळ लागतो, आणि ती घाई आता त्या घरात कुणालाच नव्हती.

कडी काढली तेव्हा पाय बारीक, काळपट, तारांच्या खुणांनी भरलेला निघाला. चंपाबाई वॉकरवर, मग काठीवर, मग काठीशिवाय चालली. थोडी लंगडते, ते राहिलं. कारखान्यानं तिला उभ्याचं काम काढून बसून मोटारी तपासायच्या टेबलावर घेतलं.

सुट्टीच्या दिवशी ती आता कधीमधी डॉ. बनकरांच्या वॉर्डात जाते. त्यांनीच एकदा बोलावलं होतं, एका पेशंटशी बोला म्हणून. फकिरा नावाचा टेम्पोचालक, धिप्पाड गडी, पण कडी बसवायचं नाव काढलं की घाम फुटायचा. चंपाबाईनं खाटेवर बसून सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि नडगी त्याच्यापुढं धरली.

"दाब. घाबरू नको, दाब हितं. हे जुनं. आनि हे नवं."

फकिरानं अंगठ्यानं दाबलं. हाड लागलं. टणक. त्यानं वर-खाली पुन्हा चाचपलं, जोड कुठं आहे ते शोधत. सापडेना.

मग चंपाबाईनं त्याला मासे, हिरव्या पेशी, रक्तवाहिन्यांच्या वाटा, सगळं सांगितलं. सगळं बरोबर सांगितलं असंही नाही. एके ठिकाणी चुकली, तेव्हा मागून नर्सनं दुरुस्त केलं. फकिरा ऐकत राहिला. मग म्हणाला, "आपा, ते सब ठीक. पन त्या निघाल्या, आल्या, हाड बनवाया लागल्या. थांबायचं कवा, हे त्यास्नी कसं कळतं? बनवतच राहिल्या तर?"

हा प्रश्न चंपाबाईला सुचला नव्हता. तिनं पिशवीतून फोन काढला, निशा मॅडमचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. घंटी वाजत होती तेवढ्यात शेजारच्या खाटांवरची दोन माणसं कोपरावर भार देऊन उठून बसली.

"बोला मावशी," पलीकडून आवाज आला. मागं टाक्यांची गुळगुळ ऐकू येत होती.

"मॅडम, येक नवा प्रश्न आलाय. माझा नाय, फकिरा म्हनून हायेत, त्यांचा." तिनं फोन फकिराच्या तोंडाशी धरला. "इचार. जरा जोरात इचार."